लांब केबल आणि मोटरीवरील विद्युतदाबाची उसळी : एक अभ्यास

विंधन विहिरीवर बसविलेली नवी मोटर थोड्याच अवधीत जळाली म्हणजे दोष कोणाचा, हा वाद सुरू होतो. मोटर पुरविणारा वीजपुरवठ्याकडे बोट दाखवितो, ड्राइव्ह बसविणारा मोटरीला नावे ठेवतो आणि रिवाइंडिंग करणारा कारागीर तारेच्या दर्जाविषयी शंका घेतो. या वादात एका वस्तूचा उल्लेख सहसा होत नाही. ती म्हणजे ड्राइव्ह आणि मोटर यांना जोडणारी केबल. मोटर उत्तम असून, ड्राइव्हही निर्दोष असून, केवळ त्यांमधील केबलची लांबी विचारात न घेतल्यामुळे मोटरीच्या वाइंडिंगवर अपेक्षेच्या जवळजवळ दुप्पट विद्युतदाब येऊ शकतो. हे कसे घडते, ते कागदावर आधीच कसे मोजता येते आणि ते टाळण्यासाठी काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करणे इष्ट होय. मोटर जळण्याची कारणे अनेक आहेत. पाण्याविना पंप चालणे, तीनपैकी एक फेज जाणे, दाब फार कमी असणे, जादा भार पडणे ही नेहमीची कारणे होत. साध्या स्टार्टरवर चालणाऱ्या मोटरीस पुढील विवेचन लागू पडत नाही. ज्या मोटरीला ड्राइव्हमधून, म्हणजे वेग कमीजास्त करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रातून, वीज मिळते त्यांच्यापुरताच हा विषय आहे. परंतु अशा मोटरींची संख्या आता थोडी राहिलेली नाही. केंद्र शासनाची कुसुम योजना २०१९ साली सुरू झाल्यापासून सौरपंप अनेक शेतांत पोहोचले आहेत. सौरपंपाची मोटर तीन फेजची असेल तर तिच्या कंट्रोलरमध्ये असाच ड्राइव्ह असतो. पाणीपुरवठा योजनांतील पंपांवरही विजेच्या बचतीसाठी ड्राइव्ह बसविले जातात. गोव्याच्या जांभ्या दगडाच्या पठारापासून माळव्याच्या काळ्या मातीपर्यंत विहिरींची खोली निरनिराळी असली, तरी ड्राइव्ह जमिनीवर आणि मोटर खोल पाण्यात ही मांडणी सर्वत्र सारखीच आहे. केबल लांब असणे येथे अपरिहार्यच आहे.

ड्राइव्ह काय करतो?

तीन फेजच्या ४१५ व्होल्ट पुरवठ्याचे ड्राइव्ह प्रथम एकदिश विजेत रूपांतर करतो. हा एकदिश दाब ४१५ ला १.४१४ ने गुणून येतो, म्हणजे सुमारे ५८७ व्होल्ट असतो. सौरपंपात एकदिश वीज थेट पॅनेलांच्या मालिकेतून मिळते. त्यानंतर आयजीबीटी नावाचे अर्धवाहक स्विच हा दाब अतिशय झपाट्याने चालू-बंद करतात. मोटरीकडे जाते ती सलग वळणदार लहर नसून स्पंदांची मालिका असते. स्पंदांची रुंदी कमीअधिक करून सरासरीने लहरीचा आकार साधला जातो. प्रत्येक स्पंदाची उंची मात्र पूर्ण ५८७ व्होल्ट राहते. असे चालू-बंद होणे सेकंदाला साधारणतः दोन हजार ते सोळा हजार वेळा घडते.

येथे महत्त्वाचा प्रश्न असा की, शून्यापासून ५८७ व्होल्टपर्यंत दाब चढण्यास किती वेळ लागतो? या अवधीला आपण चढकाल म्हणू. पूर्वीच्या ड्राइव्हमध्ये वापरले जाणारे स्विच मंद असत. त्यांचा चढकाल एक-दोन मायक्रोसेकंद वा त्याहून अधिक असे. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहालक्षांश भाग. १९८० नंतरच्या दशकांत आयजीबीटी प्रचारात आले आणि चढकाल ०.१ ते ०.२ मायक्रोसेकंदांवर आला. स्विच जितका झटपट उघडतो-मिटतो तितकी त्यात उष्णता कमी वाया जाते. त्यामुळे ड्राइव्ह लहान, स्वस्त आणि कार्यक्षम झाला. परंतु याच वेगामुळे केबलचा प्रश्न पुढे आला.

नळातील पाण्याचा दणका

शेतकऱ्यांना या घटनेचा एक जवळचा नमुना परिचित आहे. लांब पाइपातून पाणी वेगाने वाहत असता टोकाची झडप एकाएकी बंद केली, तर पाइप दणकतो, प्रसंगी फुटतोही. वाहते पाणी अडताच दाबाची लाट उत्पन्न होते आणि ती पाइपातून मागेपुढे धावते. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्हस्की यांनी मॉस्को शहराच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर प्रयोग करून १८९८ साली या दणक्याचे गणित मांडले. झडप हळूहळू फिरवून बंद केली तर दणका बसत नाही, हे प्रत्येक अनुभवी शेतकरी जाणतो. ‘हळूहळू’ म्हणजे किती, हे मात्र पाइपाच्या लांबीवर अवलंबून असते. लाट पाइपाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन परत येण्यापूर्वीच झडप मिटली, तर दणका पूर्ण बसतो. पाइप आखूड असेल तर तीच झडप त्याच वेगाने मिटूनही दणका सौम्य राहतो.

केबलमध्येही हेच घडते. पाण्याच्या दाबाऐवजी येथे विद्युतदाब आहे आणि झडपेच्या जागी ड्राइव्हमधील स्विच आहे. फरक वेगाचा आहे. केबलमधील लाट एका मायक्रोसेकंदात सुमारे १५० मीटर जाते, म्हणजे प्रकाशाच्या निम्म्या वेगाने धावते.

वर्गात करून दाखविण्याजोगा प्रयोग

केबलच्या दोन टोकांशी लाटेचे काय होते, हे शिक्षकांना एका दोरीच्या साहाय्याने दाखविता येईल. सुमारे पाच मीटर लांबीची जाड दोरी घ्यावी. तिचे एक टोक भिंतीतील खिळ्याला घट्ट बांधून दुसऱ्या टोकाला हाताने वर एक झटका द्यावा. दोरीवरून उंचवटा धावत जातो आणि भिंतीवर आपटून उलटा, म्हणजे खोलगट होऊन, परततो. आता खिळा आणि दोरी यांच्यामध्ये लांब, बारीक व हलका दोरा बांधावा व पुन्हा झटका द्यावा. दोरी संपून दोरा सुरू होतो त्या ठिकाणी दोरी मूळ उंचवट्याच्या जवळजवळ दुप्पट उडते आणि उंचवटा सुलट परततो.

मोटरीचे टोक हे हलक्या दोऱ्यासारखे असते, तर ड्राइव्हचे टोक घट्ट बांधलेल्या खिळ्यासारखे असते. म्हणून मोटरीवर पोहोचलेली दाबाची लाट तेथे जवळजवळ दुप्पट होते, सुलट परतते, ड्राइव्हवर आपटून उलटी होते आणि पुन्हा मोटरीकडे धावते. ऊर्जा विरेपर्यंत हे येणेजाणे चालू राहते.

गणिती प्रतिमान

ही घटना आकड्यांत मांडण्यासाठी केबलच्या दोन गुणांची माहिती लागते. एक म्हणजे प्रतिमीटर प्रवर्तकता आणि दुसरा प्रतिमीटर धारकता. या दोहोंवरून लाटेचा वेग आणि केबलचा लाट-संरोध निश्चित होतो. लांब तारांमधील लाटांची ही समीकरणे इंग्लंडमध्ये ऑलिव्हर हेविसाइड यांनी तारायंत्राच्या अभ्यासातून एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात मांडली.

उदाहरणादाखल एक केबल घेऊ. तिची प्रवर्तकता प्रतिमीटर ०.४ मायक्रोहेन्री आणि धारकता प्रतिमीटर ०.११ नॅनोफॅरड आहे असे धरू. प्रवर्तकतेला धारकतेने भागून वर्गमूळ काढले असता लाट-संरोध सुमारे ६० ओहम येतो. दोहोंच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने एकास भागले असता वेग मायक्रोसेकंदास सुमारे १५० मीटर येतो. लहान मोटरीचा लाट-संरोध केबलच्या मानाने पुष्कळ मोठा असतो. आपल्या उदाहरणात तो ११४० ओहम धरू. मोटरीच्या टोकाशी लाटेचा किती भाग परततो, हे दोन्ही संरोधांची वजाबाकी भागिले त्यांची बेरीज या सूत्राने कळते. ११४० मधून ६० वजा केल्यास १०८०, आणि बेरीज १२००. म्हणून परावर्तनाचे प्रमाण ०.९ झाले. ड्राइव्हच्या टोकाशी मोठा कपॅसिटर असल्यामुळे तेथे हे प्रमाण जवळजवळ उणे १ असते.

केबलची लांबी ६० मीटर धरल्यास लाटेला एका फेरीस, म्हणजे केवळ जाण्यास, ०.४ मायक्रोसेकंद लागतात. स्पंदाची उंची ५८७ व्होल्ट आहे. आता लाट प्रत्येक वेळी कोठे आहे आणि किती उरली आहे याची नोंद ओळीने केली की मोटरीवरील दाब मिळतो. नोंदीच्या या पद्धतीला जाळीची आकृती असे नाव आहे. अमेरिकन अभियंता एल. व्ही. ब्यूली यांनी विजेच्या मनोऱ्यांवरील तारांत उसळणाऱ्या लाटांसाठी ती विकसित केली, आणि १९३३ सालच्या त्यांच्या ग्रंथामुळे ती सर्वपरिचित झाली. आपल्या उदाहरणात मोटरीवरील दाब पुढीलप्रमाणे येतो.

०.४ मायक्रोसेकंदाला : १११५ व्होल्ट
१.२ मायक्रोसेकंदाला : ११२ व्होल्ट
२.० मायक्रोसेकंदाला : १०१५ व्होल्ट
२.८ मायक्रोसेकंदाला : २०२ व्होल्ट
३.६ मायक्रोसेकंदाला : ९३४ व्होल्ट

असे हेलकावे खात दाब अखेरीस ५८७ व्होल्टवर स्थिरावतो. गणित करून पाहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी पहिला आकडा ५८७ ला १.९ ने गुणून काढावा. त्यानंतर प्रत्येक नोंदीला मागील बदल ०.९ ने गुणून आलटून पालटून वजा आणि अधिक करीत जावे. दहावीच्या विद्यार्थ्यालाही हे सहज साधेल.

निर्णायक लांबी

पाइपाच्या झडपेचा नियम येथे जसाच्या तसा लागू पडतो. लाट मोटरीपासून ड्राइव्हपर्यंत जाऊन परत येण्यापूर्वीच दाब पूर्ण चढला, तर उसळी पूर्ण बसते. म्हणून लाटेचा वेग आणि चढकाल यांच्या गुणाकाराची निमपट ही निर्णायक लांबी होय. चढकाल २ मायक्रोसेकंद असेल तर ही लांबी १५० मीटर येते. म्हणूनच जुन्या मंद ड्राइव्हवर शंभर मीटरची केबलही सहसा त्रास देत नसे. चढकाल ०.२ मायक्रोसेकंद असेल तर निर्णायक लांबी केवळ १५ मीटर राहते, आणि ०.१ असेल तर साडेसात मीटर. आज प्रचारात येत असलेल्या सिलिकॉन कार्बाइडच्या स्विचांचा चढकाल याहूनही बराच कमी असतो. तेव्हा निर्णायक लांबी दोन-चार मीटरांवर येते. विंधन विहीर साठ, शंभर वा दीडशे मीटर खोल असताना हे आकडे काय सांगतात, हे वेगळे सांगावयास नको.

प्रतिमानाच्या मर्यादा

वरील हिशेबात केबलमधील क्षय धरलेला नाही. प्रत्यक्षात उच्च कंप्रतेला विद्युतप्रवाह तांब्याच्या पृष्ठभागालगत वाहतो, त्यामुळे रोध वाढतो. केबलच्या निरोधनातही थोडी ऊर्जा जिरते. म्हणून खरे हेलकावे आपल्या हिशेबापेक्षा लवकर विरतात. पहिली उसळी मात्र फारशी कमी होत नाही, आणि मोटरीला अपाय करणारी तीच असते.

अधिक सूक्ष्म अभ्यासासाठी संगणकावर केबलचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येकास रोध, प्रवर्तकता व धारकता देतात. तुकडा किती लहान असावा? लाटेला तो ओलांडण्यास लागणारा वेळ चढकालाच्या दशांशाहून अधिक नसावा, हा सोयीचा नियम आहे. चढकाल ०.२ मायक्रोसेकंद असल्यास तुकडा ३ मीटरांचा येतो, म्हणजे ६० मीटरच्या केबलचे वीस तुकडे करावे लागतात. याहून मोठे तुकडे घेतल्यास संगणक उत्तर देतो खरे, परंतु ते भरवशाचे नसते. तंत्रनिकेतनांतील अध्यापकांना हा विषय प्रकल्प म्हणून देता येण्याजोगा आहे. केबलच्या वेटोळ्याचे दुसरे टोक एकदा उघडे ठेवून आणि एकदा जोडून मोजणी केली असता धारकता व प्रवर्तकता प्रत्यक्ष मिळतात.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मागील हेलकावे विरण्यापूर्वीच पुढील स्पंद आला, तर उसळी दुपटीहूनही अधिक होऊ शकते. दुसरे असे की, प्रत्येक स्पंदाच्या आरंभी केबल भारित करण्यासाठी ड्राइव्हला क्षणभर जादा प्रवाह द्यावा लागतो. आपल्या उदाहरणात तो ५८७ भागिले ६०, म्हणजे सुमारे ९.८ अँपिअर होतो. पाच अश्वशक्तीच्या मोटरीचा पूर्ण भाराचा प्रवाह साधारण साडेसात-आठ अँपिअर असतो. लांब केबलवर लहान ड्राइव्ह विनाकारण ट्रिप होत असल्यास हेही त्याचे एक कारण असू शकते.

वाइंडिंगवरील परिणाम

इतक्या झपाट्याने चढणारा दाब वाइंडिंगच्या सर्व वेढ्यांत सारखा वाटला जात नाही. त्याचा मोठा भाग टोकालगतच्या पहिल्या काही वेढ्यांवर पडतो. एनॅमलच्या तारेत वेढ्यांमधील हवेच्या सूक्ष्म पोकळ्यांत ठिणग्यांसारखे आंशिक विसर्जन सुरू होते आणि एनॅमल हळूहळू झिजत जाते. पाण्याने भरलेल्या सबमर्सिबल मोटरीच्या तारेवर प्लास्टिकचे जाड वेष्टन असते, तरीही मोटरीजवळील केबलच्या जोडावर जवळपास तेवढाच दाब येतो. एक आघात काहीच करीत नाही, परंतु आघातांची संख्या विलक्षण असते. सेकंदास चार हजार धरले तरी सहा तासांत ते आठ कोटी चौसष्ट लाख होतात.

अमेरिकेतील नेमा या संस्थेच्या मोटरविषयक मानकानुसार सर्वसाधारण मोटरीवर येणारा शिखरदाब १००० व्होल्टपेक्षा अधिक नसावा आणि चढकाल २ मायक्रोसेकंदांहून कमी नसावा. ड्राइव्हसाठी खास बनविलेल्या मोटरीला, तिचा दाब ६०० व्होल्टपर्यंत असल्यास, मूळ दाबाच्या ३.१ पट शिखरदाब चालतो. म्हणजे ४१५ व्होल्टच्या मोटरीस सुमारे १२८६ व्होल्ट, तेही ०.१ मायक्रोसेकंदांच्या चढकालास. आपल्या उदाहरणातील १११५ व्होल्ट पहिल्या प्रकारच्या मोटरीला अपायकारक आणि दुसऱ्या प्रकारच्या मोटरीला सोसण्याजोगे आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

उपाययोजना

पहिला उपाय बिनखर्चाचा आहे. ड्राइव्ह घरात किंवा दूरच्या खोलीत न बसविता विहिरीच्या तोंडाशी, सावलीत व पावसापासून सुरक्षित अशा पेटीत बसवावा. त्यामुळे विहिरीची खोली कमी होणार नाही, परंतु जादा लांबी वाचेल.

दुसरा उपाय ड्राइव्हच्या बाहेर पडणाऱ्या तारांवर चोक किंवा चढ मंद करणारा फिल्टर बसविण्याचा आहे. झडप सावकाश फिरविण्याचाच हा प्रकार होय. आपल्या ६० मीटर केबलवर चढकाल २ मायक्रोसेकंदांपर्यंत वाढविला, तर त्याच हिशेबाने शिखरदाब १११५ ऐवजी सुमारे ६९४ व्होल्टवर येतो, म्हणजे सर्वसाधारण मोटरीच्या मर्यादेतही बसतो.

तिसरा उपाय साइन फिल्टरचा आहे. तो स्पंद गाळून मोटरीकडे जवळजवळ वळणदार लहरच पाठवितो. खोल विहिरींसाठी हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. मात्र त्याची किंमत अधिक असते, त्यात थोडा दाब खर्च होतो आणि ड्राइव्हच्या स्पंदांचा वेग फिल्टरला अनुरूप ठेवावा लागतो.

चौथा उपाय मोटरीच्या टोकाशी केबलच्या लाट-संरोधाइतका रोध कपॅसिटरसह जोडण्याचा आहे. त्यामुळे परावर्तन होत नाही. जमिनीवरील मोटरीला हा उपाय चांगला लागू पडतो, विहिरीत मात्र व्यवहार्य नाही. स्पंदांची संख्या कमी केल्याने उसळीची उंची घटत नाही, आघातांची संख्या तेवढी घटते. म्हणून हा पूरक उपाय समजावा.

तपासणी करणाऱ्यांनी काही पथ्ये पाळावीत. साध्या मल्टिमीटरवर ही उसळी दिसत नाही. तिच्यासाठी ऑसिलोस्कोप व योग्य प्रोब लागतात. ड्राइव्ह बंद केल्यावरही त्यातील कपॅसिटर काही मिनिटे भारित राहतो, तेव्हा यंत्रावर लिहिलेला अवधी लोटल्याखेरीज हात लावू नये. तसेच मेगर लावण्यापूर्वी केबल ड्राइव्हपासून सोडवावी, अन्यथा ड्राइव्ह निकामी होईल.

खरेदीपूर्वी विचारावयाचे चार प्रश्न

ग्रामपंचायत, पाणीपुरवठा समिती किंवा कार्यालय यांनी पंपाची मागणी नोंदविताना सामान्यतः अश्वशक्ती, पाण्याची पातळी आणि दर यांचा उल्लेख असतो. ड्राइव्हसह मोटर घेताना त्यात आणखी चार गोष्टी लिहाव्यात. ड्राइव्हपासून मोटरीपर्यंत केबलची एकूण लांबी किती? ड्राइव्हच्या स्पंदाचा चढकाल किती? मोटरीचे निरोधन किती शिखरदाब व किती चढकाल सोसते? आणि लांबी निर्णायक मर्यादेपलीकडे असल्यास कोणता फिल्टर दिला जाणार आहे? ड्राइव्हवर चालणाऱ्या मोटरींच्या निरोधनाची कसोटी ठरविणारे आंतरराष्ट्रीय मानक २०१४ सालापासून उपलब्ध असल्यामुळे ही माहिती मागणे अवाजवी ठरत नाही. या प्रश्नांची उत्तरे पुरवठादाराकडून लेखी घ्यावीत आणि पंपाच्या कागदपत्रांसोबत जपून ठेवावीत. पुढे मोटर बिघडल्यास दोषाचा निवाडा तर्कावर न होता आकड्यांवर होईल.

ऐन उन्हाळ्यात मोटर बाहेर काढणे, रिवाइंडिंग करणे आणि पुन्हा सोडणे यात जाणारे दिवस गावाला पाण्याविना आणि उभ्या पिकाला ओलाव्याविना काढावे लागतात. हे टाळण्यासाठी लागणारा हिशेब एका कागदावर, अर्ध्या तासात मांडता येतो. तो खरेदीपूर्वी मांडण्याची सवय आपल्या कार्यालयांनी आणि पाणीपुरवठा समित्यांनी लावून घ्यावी. गावातील शाळेच्या विज्ञान शिक्षकांचे साहाय्य त्या कामी अवश्य घ्यावे.